पडलेला गडगा

माझ्या आईच्या पदराला एक गाठ कायम मारलेली असते आणि त्या गाठीत अंड्यांचे पैसे असतात. तिने वयाची 80 वर्षे ओलांडली आहेत. मुलगा सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक, घरात कशाची ददात नाही; तरीही पणतीच्या हातावर खाऊला काही ठेवायचे झाले किंवा देवळाची वर्गणी द्यायची झाली, तर ती माझ्यापुढे हात पसरत नाही. गाठ सोडते. गावठी अंड्याला आमच्याकडे 12 ते 15 रुपये मिळतात, एवढेच तिचे अर्थशास्त्र. म्हणून तिच्या कोंबड्यांकडे मी कधी निव्वळ पाखरे म्हणून पाहू शकलो नाही. वडिलांच्या मागे ताठ मानेने जगण्याचे ते तिचे साधन आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या उगमाच्या बाजूला. पावसाचा मुलूख. भाताची शेते, कौलारू घरे आणि परड्यापरड्यांमध्ये रचलेले दगडी गडगे. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या परड्यांमध्येही असा एक गडगा होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापुराने हाहाकार उडवला, त्या पावसात तो मधोमध पाच-सहा हात खचला. तो कोणी उभा करायचा, यावर आमचे कधी भांडण झाले नाही. झाले असते तर निदान निकाल लागला असता. घर त्यांनी जुन्या मालकाकडून विकत घेतले, तेव्हा घराबरोबर गडगाही त्यांच्याकडे आला, असे मी मनाशी धरून चाललो होतो. आणि बांध मूळचा मास्तरांच्या घराण्याचा, असे ते धरून चालले होते. अशी तीन वर्षे गेली. खचलेल्या दगडांवर घाणेरीची झुडपे उगवली, आणि माणसांनी न वापरलेली ती वाट जनावरांनी वापरात आणली.

शेजारी मूळचे बैलहोंगलकडचे, घरी कन्नड बोलणारे. कौलांच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी येथे घर केले. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. त्यांच्या घरची अक्का आणि माझी आई यांचे संभाषण अर्धे कन्नड, अर्धे मराठी अशा भाषेत चालते, तिचे व्याकरण मला एम. ए. होऊनही उलगडलेले नाही. परड्यातला विजेचा पंप चोरीला गेल्यावर अण्णांनी एक पिल्लू आणले. त्याचे नाव टायगर ठेवले. नावाला शोभेल असे त्याच्यात काही नव्हते. तांबूस रंगाचे, एक कान पडलेले, मोठे मायाळू कुत्रे. सकाळी मी शाळेला निघालो की ते मागे मागे फाटकापर्यंत येई, बिस्किटाचा तुकडा घेई आणि परत फिरे. शाळेतली मुले त्याला हेडमास्तरांचा शिपाई म्हणत.

डिसेंबर 2022 चा पहिला गुरुवार. घरात सौ.च्या महालक्ष्मीच्या व्रताची पूजा मांडलेली. मळणी आटोपली होती आणि सांडलेले भात टिपायला कोंबड्या दिवसभर मोकळ्या असत. शाळा सुटून मी घरी आलो, तो आई मागच्या पायरीवर बसलेली. परड्यात सर्वत्र पिसे. अकरांपैकी सात कोंबड्या मेलेल्या, इकडे-तिकडे विखुरलेल्या, आणि एकही खाल्लेली नाही.

त्यावरूनच चोर ओळखता आला. उदमांजर येते ते रात्री, आणि शिकार ओढून नेते. मुंगसाला अंडी आणि पिल्ले हवी असतात. कुत्र्याचे तसे नसते. कोंबडी फडफडत पळाली की त्याच्या रक्तातले काही तरी जागे होते. पकडायचे, झिंजाडायचे, हालचाल थांबली की टाकून दुसरीमागे धावायचे. पोट भरलेले कुत्रेही हे करते; त्याच्या लेखी तो खेळच असतो. चार गावठी कोंबड्या फणसावर उडाल्या, म्हणून वाचल्या. गिरिराज जातीच्या तिन्ही गेल्या. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात निपजलेली ही जात दिसायला देखणी, अंगाने भारी. पण त्या दिवशी ते वजनच त्यांच्या मुळावर आले.

मेलेल्यांत एक रवणीवर बसलेली होती. रवणीची कोंबडी दिवसातून एकदाच दाणा-पाण्यासाठी उठते. नेमकी त्या वेळेस ती खाली उतरली असावी. तिच्या टोपलीत अकरा अंडी होती आणि अठरावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडायची. आईने ती अंडी आपल्या जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली. तीन रात्री ती उठून त्यांना हात लावून पाहत होती. एकही फुटले नाही.

मी त्याच संध्याकाळी एक मेलेली कोंबडी हातात घेऊन अण्णांच्या दारात उभा राहिलो. हे मी करायला नको होते, असे आज वाटते. निदान कोंबडी तरी नको होती. अण्णा म्हणाले, "मास्तर, टायगर रात्री बांधलेलाच असतोय की ओ." मी म्हटले, प्रश्न रात्रीचा नाही, दुपारचा आहे. एका कोंबडीचे 500 याप्रमाणे साडेतीन हजार रुपये भरपाई हवी, असेही मी सांगून टाकले. ते काही न बोलता आत गेले, कंदील घेऊन आले आणि म्हणाले, "या."

त्यांनी मला त्यांच्या परड्यातले वाफे दाखवले. मेथी, कोथिंबीर, मिरचीचे तरू. किंबहुना त्यांच्या जागा दाखवल्या, कारण तेथे उकरलेल्या मातीशिवाय काही नव्हते. त्या हंगामात अक्काने तीन वेळा बी पेरले होते आणि तिन्ही वेळा आमच्या कोंबड्यांनी ते उकरून खाल्ले होते. मी विचारले, "मग सांगितले का नाही?" अण्णा म्हणाले, "तुमच्या आईच्या कोंबड्या. म्हातारीला काय सांगायचं?"

शाळेत दोन मुले पेन्सिलीवरून भांडत आली, तर दोघांचे ऐकल्याशिवाय मी निवाडा करीत नाही. तीस वर्षांत केलेला नाही. येथे मात्र मी निकालपत्र घरून लिहून नेले होते. तरीही, त्या रात्री माझे मन वळले असे म्हणणे खोटे ठरेल. मेथीची जुडी आणि जीव यांची बरोबरी कशी होणार, असा युक्तिवाद करीत मी घरी परतलो. आमचे बोलणे थांबले.

तो महिना आमच्या भागात वाईट होता. सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. 6 डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या. अशा दिवसांत पाण्याच्या नळावरचे भांडणही भाषेचे होते. आमच्या कोंबड्यांची वार्ता गावभर झाली, आणि पारावर मला भेटणारा जो तो हळहळ व्यक्त करून शेवटी एकच बोले : "त्यांची माणसं तशीच, गुरुजी." 1956 मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हापासून आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांच्या मनात एक दुखरी जागा आहे, ती माझ्याही मनात आहे. पण टायगरचा तिच्याशी काय संबंध होता? लाजिरवाणी गोष्ट ही की, हा प्रश्न मी तेव्हा कोणालाही उलट विचारला नाही. ऐकून घेत राहिलो. ऐकताना बरेही वाटत होते.

त्यांच्यापैकीच एकाने एके संध्याकाळी माझ्या हातात एक पुडी ठेवली. "काही करायचं नाही, भज्यात घालून टाका. कुणाला कळणार नाही." ही गोष्ट मी आजवर सौ.लाही सांगितलेली नाही. येथे लिहितो आहे ती वाचूनच तिला कळेल. मी ती पुडी परत केली नाही. घरी आणली आणि पुस्तकांच्या कपाटात, वरच्या फळीवर, शब्दकोशाच्या मागे ठेवली. चार दिवस ती तेथे होती. जनावराला विष घालणे हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते; आज 2023 च्या भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हाच्या दंडसंहितेतही शिक्षा होतीच. परंतु कायद्याने मला अडवले असे मी म्हणणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो आणि टायगर नेहमीप्रमाणे मागे आला. मी बिस्किट दिले नव्हते, हाकही मारली नव्हती. फाटकाशी येऊन तो बसला आणि माझ्या खिशाकडे पाहू लागला. भज्याकडेही त्याने असेच पाहिले असते. शाळा सुटल्यावर मी थेट घरी आलो, पुडी काढली आणि गावाबाहेरच्या माळावर हातभर खोल पुरली.

रागाच्या भरात मी एकदा कोंडवाड्याचाही विचार केला होता. 1871 सालच्या इंग्रजी कायद्यात कोंडवाड्यात घालण्याजोग्या जनावरांची यादी आहे. तिच्यात हत्ती आहे, उंट आहे, शेळ्या-करडेही आहेत. कुत्रे नाही. आणि कोंबडीही नाही! म्हणजे त्या सरकारच्या लेखी आमचे दोन्ही गुन्हेगार निर्दोष होते. असो.

अबोला चैत्र संपेपर्यंत टिकला. आई आणि अक्का मात्र खचलेल्या गडग्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून पूर्वीसारख्याच बोलत होत्या. वैशाखातल्या एका रविवारी सकाळी दगडांचा आवाज आला, म्हणून मी खिडकीतून पाहिले. अण्णा एकटेच घाणेरी तोडून दगड बाजूला काढीत होते. पावसाळा तोंडावर होता. मी खिडकीत उभा राहून पाहत राहिलो, चांगला अर्धा तास. मग आई म्हणाली, "माणूस एकटा राबतोय, तू चहा पितोयस." मी खाली गेलो. ते वर न पाहता म्हणाले, "मास्तर, तुमच्या बाजूचा तो मोठा दगड द्या."

चार रविवार आम्ही ते काम केले. नुसता गडगा पुरेसा नव्हता, हे लवकरच ध्यानात आले. कोंबड्यांची म्हणून बाजारात मिळणारी बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवीत नाही. ते ती दातांनी फाडते. म्हणून गडग्यावर जाड, सांधे जोडलेल्या तारेची जाळी लावली. ज्या बाजूला गडगा नव्हता, तेथे जाळीचा खालचा हातभर भाग अण्णांच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर दगड ठेवले. कुत्रे कुंपणाच्या बुडाशीच उकरते, आणि तेथे नखांना तार लागली की नाद सोडते. ही युक्ती अण्णांची. खर्च निम्मा-निम्मा. साडेतीन हजारांचा विषय मी काढला नाही, बियांचा विषय त्यांनी काढला नाही.

वेळाही ठरल्या. कोंबड्या दुपारी चारपर्यंत खुराड्यासमोरच्या जाळीत आणि चारनंतर दिवेलागणीपर्यंत परड्यात मोकळ्या. तेवढा वेळ टायगर साखळीला. संध्याकाळी चरायला सोडलेली कोंबडी अंधार पडू लागला की आपणहून खुराड्यात शिरते, तिच्यामागे धावावे लागत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा. हे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकापेक्षा काटेकोर पाळले जाते असे नाही. 2024 च्या गणपतीत अण्णांच्या घरी पाहुणे आले, कोणी तरी साखळी सोडली, फाटक उघडे राहिले, आणि एक कोंबडी गेली. एकदा कोंबडीमागे धावलेले कुत्रे तो खेळ विसरत नाही. ते वाईट नव्हे, पण त्याच्यावर विसंबू नये, एवढे मी शिकलो होतो.

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून विचार करीत होतो, जावे की न जावे. तेवढ्यात फाटकातून अण्णांचा नातू आला. त्याच्या काखेत एक काळी तलंग होती, पाय सुतळीने बांधलेले. "अज्जांनी दिली," एवढेच म्हणून त्याने ती आईपुढे ठेवली. आईने तिचे पाय सोडले, पंख पसरून पाहिले, चोच उघडून पाहिली, आणि पदराची गाठ सोडून पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले.

ती काळी कोंबडी आता अंड्यावर आहे. पण तिची खोड अशी की, जाळीवरून उडून ती अण्णांच्या गवताच्या गंजीतच अंडे घालते. अक्का ते वाटीतून परत पाठवते. एखाद्या दिवशी वाटी येत नाही. मी एकदा आईला त्याविषयी विचारले, तर ती तांदळाच्या कण्या निवडत होती, तिने मान वर केली नाही.