कार्ड निवडताना

रात्रीचे अकरा वाजलेत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात कागदावर दोन ग्राफिक्स कार्डांची नावं लिहून बसलोय. एक आरटीएक्स ३०६०, मेमरी १२ जीबी. दुसरं नंतरचं ४०६०, वेगानं सरस, पण मेमरी ८ जीबी.

आजीचे जुने फोटो स्कॅन करून डाग काढायचे, एवढंच असतं तर एवढा विचार केला नसता. तो भार बराचसा प्रोसेसर आणि रॅमच उचलतात. पण गणपतीच्या मिरवणुकीचं फोर-के चित्रण आहे. एकेका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू. रात्रीच्या चित्रणातले दाणे घालवताना कार्डाची मेमरी भरली, की सगळं अडखळतं, कधी बंदच पडतं.

ठरलं, १२ जीबीचंच घ्यायचं. वेळ थोडा जास्त लागू दे, काम अर्ध्यावर तुटायला नको.

याच बडोद्यात १९५० साली ललित कला शाखा सुरू झाली. तिथल्या ज्योती भट्टांनी गावोगावच्या भिंतींवरची चित्रं कॅमेऱ्यानं जपली. मला जपायचाय तो आजीच्या नऊवारीचा, फोटोत विटत चाललेला जांभळा रंग. तो परत दिसला, की पैसे सार्थकी लागले.