पत्त्यातली तिरकी रेघ



आपल्यातले निम्मे लोक पोटासाठी कॉम्प्युटरचं काम करतात आणि उरलेल्यांना घरी त्याची कटकट ऐकावी लागते. म्हणून आज सगळ्यांना ओळखीच्या एका तिरक्या रेघेबद्दल लिहितो. सातबारा लिहिताना ७ आणि १२ च्या मध्ये असते ना, तीच. स्लॅश.

ग्लासगोत जुन्या दगडी चाळवजा इमारती आहेत, त्यांना टेनेमेंट म्हणतात. तिथे फ्लॅटचा नंबर ३/१ असा असतो, म्हणजे तिसरा मजला, पहिलं दार. तळमजल्याचा ०/१. मी इथल्या एका बॉयलर दुरुस्तीच्या कंपनीत लागलो तेव्हा एक तक्रार महिनोन् महिने पडून होती. बॉयलर बंद पडला म्हणून म्हातारी माणसं फोन करायची आणि कॉल सेंटरची मुलगी स्क्रीन बघून सांगायची, "या पत्त्यावर आमचं कुणी ग्राहक नाही." ऐन जानेवारीत! बंगलेवाल्यांचं मात्र सुरळीत. चाचणीसाठी घेतलेले सगळे पत्ते बंगल्यांचेच होते, मग कुणाला कळणार?

झालं होतं असं. यूआरएलच्या मार्गात स्लॅश म्हणजे एक पायरी. फ्लॅट नंबरातला स्लॅश पायरी नव्हे, साधा मजकूर आहे, हे सांगायला तो 'टक्का-दोन-एफ' असा लिहितात. कॉल सेंटरचं ॲप तसा नीट पाठवत होतं. पण मध्ये दाराशी बसलेला एपीआय गेटवे तो आधी उलगडायचा आणि मग रस्ता शोधायचा. एका फ्लॅटच्या दोन पायऱ्या झाल्या, असा रस्ता यादीत नाही, उत्तर ४०४. आतल्या सर्व्हिसचं 'ग्राहक सापडला नाही' हे उत्तरही ४०४च! रस्ता सापडला नाही आणि माणूस सापडला नाही, यातला फरक स्क्रीनला कळत नव्हता. आजी मात्र थंडीत.

वास्तविक २००५ सालच्या आरएफसी ३९८६ मध्ये क्रम स्पष्ट दिलाय: आधी तुकडे पाडा, मग उलगडा, आणि तेही एकदाच. आमच्याकडे कुणीतरी शक्कल लढवली होती की टक्क्याचाही टक्का करायचा, 'टक्का-दोन-पाच-दोन-एफ'. गेटवे एकदा उलगडणार, आतली सर्व्हिस दुसऱ्यांदा. चाचणीत चाललं. पण रात्रीचे जॉब गेटवे टाळून थेट आत जायचे, तिथे पत्त्यात टक्का तसाच राहिला. ती शक्कल बारगळली.

गेटवेला शिव्या घालण्यातही अर्थ नाही. 'टिंब-टिंब-स्लॅश' असं वेषांतर करून बंद खोलीत घुसणारे असतात, म्हणून दारवान संशयी असतो. अपाची सर्व्हर तर सेटिंग बदललं नाही तर असा लपवलेला स्लॅश दिसताच ४०४ देतो.

शेवटी आम्ही माणसाने लिहिलेला पत्ता मार्गातून काढून विनंतीच्या बॉडीत टाकला. मार्गात फक्त यूपीआरएन. ब्रिटनमध्ये प्रत्येक घराला असा जास्तीत जास्त १२ अंकी क्रमांक असतो आणि १ जुलै २०२० पासून तो सर्वांना मोफत वापरता येतो. नुसते अंक, ना स्लॅश ना टक्का. आणि गेटवेच्या ४०४ ला वेगळा मजकूर दिला, म्हणजे 'ग्राहक नाही' असं कुणी उगाच सांगणार नाही.

हे आपल्यालाही लागू आहे बरं का. 'कऱ्हाड' घ्या. सहा चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट, यूआरएलमध्ये ५४ अक्षरं. वर त्यातला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना गाव एकच, यंत्राला दोन. तेव्हा मराठी नावांची सिस्टिम बांधणाऱ्यांनो, नाव दाखवायला ठेवा, शोधायला क्रमांक द्या. आणि चाचणीच्या यादीत एक कऱ्हाड आणि एक ३/१ जरूर घाला.

असो, लांबलं. थंडी जपा.