बाण सोडायला लागणारा वेळ

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या ९ दिवसांचा. धनुष्याचा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून थेट जानेवारीपर्यंत चालतो. म्हणून माझ्यासारख्या नोकरदाराला रजा न काढता, कामावर जाण्याआधी थोडा वेळ रानात बसता येते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घड्याळे मागे घेतली की सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, आणि कायदा त्याच्या अर्धा तास आधीपासून बाण सोडू देतो. नऊला मला कामावर हजर व्हायचे असते. या शिकारीबद्दल मला जे उमगले, ते या अपुऱ्या वेळेमुळे.

धनुष्याला जवळीक लागते. कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास जातो, आवाज ११०० फुटांनी. दोरीचा आवाज आधी पोचतो. हरीण उसळी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते, आणि तेवढ्यात बाण पाठीवरून जातो किंवा नको तिथे रुततो. म्हणून ते वीस-पंचवीस यार्डांवर, आडवे उभे राहिले तरच नेम धरायचा. इतक्या जवळ यायचे तर त्याला माझा वास लागता कामा नये. पहाटेची गार हवा उताराने खाली वाहते; ऊन चढले की तीच वर येऊ लागते. सहाला योग्य असलेले मचाण आठला निरुपयोगी ठरते. मादी लांबूनच पाय आपटते, नाकाने फुरफुरते आणि पांढरी शेपूट उभारून निघून जाते. हवेचे हे वळण ती जन्मापासून जाणते. मला ते झाडावर बसून शिकावे लागले.

मी बसतो तो भाग सॉक काउंटीतला. केवळ धनुष्यासाठी राज्याने पहिला हंगाम ठेवला तो १९३४ साली, इथे आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत. पुढच्याच वर्षी वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्डने याच काउंटीत नदीकाठची उजाड शेतजमीन घेतली. तो स्वतःची धनुष्ये स्वतः बनवी. तरुणपणी त्याने लांडगे मारले होते. लांडगे संपल्यावर हरणांनी डोंगर कसे ओरबाडले हे पाहून त्याचे मत पालटले. इथल्या शेतमुलखात आजही लांडगा अपवादानेच दिसतो, आणि ओकची रोपे वर येण्याआधीच खुडली जातात. महाराष्ट्रात मी धनुष्य उचलले नसते. शिकारीला मनाई करणारा १९७२चा कायदा तर आहेच, पण तिथल्या चितळावर पहिला हक्क वाघाचा आणि रानकुत्र्यांचा आहे.

बाण लागल्यावर लगेच खाली उतरायचे नसते. फुप्फुसात लागला असेल तर रक्त गुलाबी, फेसाळ असते आणि जनावर जवळच पडते; तरीही अर्धा तास थांबायचे. रक्त काळपट असेल तर बाण यकृतात आहे. मग कित्येक तास. घाईने मागे गेले तर जखमी जनावर उठून पळते आणि कुठेतरी एकटे मरते. पुढे माग काढणे, सोलणे. १९३४च्या लोकांना नव्हते असे एक कामही आता आहे: २००२ साली राज्यात सापडलेल्या हरणांच्या मेंदूरोगाच्या तपासणीसाठी नमुना देणे, आणि अहवाल येईपर्यंत मांस न खाणे.

एवढा वेळ हाताशी नसेल, तर बाण सोडण्याचा अधिकारही नाही, असे मी मानतो.

नोव्हेंबर हा इथल्या हरणांच्या मीलनाचा काळ. नर भान विसरून भरदिवसा मादीमागे धावतात, आणि शिकारी याच दिवसांची वाट पाहतात. तेव्हा मला पंडू आठवतो. हरणाच्या रूपात पत्नीसह रत असलेल्या किंदम ऋषीला त्याने बाण मारला. शापाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण राजाने मृग मारला याबद्दल किंदमाची तक्रार नव्हती. तो क्षण सरेपर्यंत थांबला नाहीस, हा त्याचा आरोप होता. मला तो महाभारतातला फार न्यायी शाप वाटतो.

ज्या सकाळी कामावर जायचेच असते, त्या सकाळी सात वाजले की मी बाण भात्यात परत ठेवतो. पुढचा वेळ फक्त पाहायचा. या महिन्यात मात्र साहेबांना आधीच सांगून ठेवले आहे: एखाद्या दिवशी मी नऊला दिसलो नाही आणि फोनही उचलला नाही, तर दुपारच्या बैठकीतही माझी जागा रिकामी ठेवा.