जन्माने राजकन्या असलेल्या मुलीचं काय करायचं?

आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गासाठी रद्दीच्या दुकानातून इंग्रजी कॉमिक्सचा एक गठ्ठा आणला होता, किलोच्या भावाने. मुलांनी चित्रं पाहिली, आम्ही जमेल तसं मराठीत सांगितलं, आणि दुसऱ्याच रविवारी मागणी आली : आपलंही सुपरहिरोंचं एक पथक काढायचं. सगळे तेरा ते सोळा वयाचे, सगळे वस्तीतले. मुलग्यांची पात्रं तासाभरात ठरली. गाडं अडलं ते राजकन्येपाशी.

गठ्ठ्यातली ती राजकन्या म्हणजे अ‍ॅमेथिस्ट. अमेरिकेतल्या डीसी कंपनीने 1983 साली तिची बारा अंकांची मालिका काढली. लेखक डॅन मिश्किन आणि गॅरी कोन, चित्रकार अर्नी कोलोन. एमी विन्स्टन ही साधी शाळकरी मुलगी. तेराव्या वाढदिवसाला तिला कळतं की आपण दत्तक आहोत आणि जन्माने 'जेमवर्ल्ड' नावाच्या जादुई जगातल्या राजघराण्यातल्या आहोत. आईबापांना डार्क ओपल नावाच्या दुष्टाने मारलेलं, सिट्रिना नावाच्या जादूगारणीने बाळाला वाचवून पृथ्वीवर आणलेलं. त्या जगात पाऊल टाकलं की तेरा वर्षांची एमी विशीतली तरुण राजकन्या होते. तिथे प्रत्येक रत्नाच्या नावाचं एक घराणं, आणि सत्ता घराण्यांची. पुढे 2019 मध्ये 'यंग जस्टिस' नव्याने सुरू झालं तेव्हा रॉबिन, सुपरबॉय, वंडर गर्ल यांच्या किशोरवयीन पथकात तिला घेतलं. 2020 मध्ये एमी रीडर या लेखिका-चित्रकर्तीने सहा अंकांत तिची गोष्ट पुन्हा मांडली. त्यात ती सोळाव्या वाढदिवसाला जेमवर्ल्डला परतते तर राज्य ओस पडलेलं, प्रजा गायब, आणि बाकीची घराणी मदतीला तयार नाहीत.

म्हणजे तिकडचे लोकही या राजकन्येला सतत नव्याने घडवत आहेत. पोशाख बदलतात, वय बदलतात, स्वभाव बदलतात. एक गोष्ट मात्र कायम : ती खास आहे, कारण ती कुणाच्या तरी पोटी जन्मली.

हे सगळं सांगून झाल्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, मला पण असंच कळलं होतं. पण वाढदिवसाला नाही, वर्गात."

तिच्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज आले होते. बाईंनी नावं वाचून सगळ्यांना उभं केलं आणि जातीचा दाखला कुणाकुणाचा बाकी आहे ते सर्वांसमोर विचारलं. त्या दिवसापर्यंत तिला आपण बौद्ध आहोत, बाबासाहेब आपले आहेत, एप्रिलमध्ये मिरवणूक असते, एवढंच ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत मैत्रिणीने डबा थोडा पलीकडे सरकवला. पुढे काही बोलली नाही, फक्त सरकवला.

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केलं. जन्मदत्त दर्जा आणि अर्जित दर्जा यावर पानंच्या पानं लिहिली. पण या दोन वाढदिवसांमधला फरक या मुलीने एका वाक्यात सांगितला. 'तू जन्माने कोण आहेस हे एक दिवस तुला कळेल' हे वाक्य जगभरच्या बालकथांमध्ये बक्षीस म्हणून येतं. आपल्या पोरांच्या आयुष्यात तेच वाक्य शिक्षा म्हणून येतं. आणि दोन्हीच्या मुळाशी समजूत एकच, की माणसाचं खरं मोल त्याच्या रक्तात असतं.

इथे घाई करून जेमवर्ल्ड म्हणजे जातिव्यवस्था असं म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला माहीत आहेत. तसं ते नाही. तिथे विटाळ नाही, पाणवठा बंद नाही. ती युरोपी सरंजामशाहीची परीकथा आहे. पण परीकथा वाचणाऱ्या मुलीच्या मनात 'राजघराणं चांगलं, फक्त दुष्ट राजा वाईट' एवढं पक्कं बसलं तर जन्माधारित सत्तेला ती प्रश्न विचारणार कशी? वाईट ओपल गेला, चांगली अ‍ॅमेथिस्ट आली. व्यवस्था जागच्या जागी.

आपले तरुण लगेच ब्लॅक पँथरचं नाव घेतात. ते कॉमिकमधलं पात्र 1966 च्या जुलैमधलं, आणि ब्लॅक पँथर पार्टी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती पार्टीकडे बघून, कॉमिककडे बघून नव्हे. हे सांगावं लागतं, कारण हल्ली दोन्हींची सरमिसळ करणारी पोस्टर्स दिसतात. आणि तो कॉमिकमधला पँथर तरी कोण? राजाच. काळ्या माणसाला राजा दाखवण्यात 1966 च्या अमेरिकेत मोठं धाडस होतं, ते नाकारायचं नाही. तरी ता-नेहिसी कोट्स यांनी 2016 पासून ते कॉमिक लिहायला घेतलं तेव्हा राजाविरुद्ध उठलेली प्रजाच गोष्टीच्या मध्यभागी आणली. राजा आपल्या रंगाचा आहे म्हणून प्रश्न संपत नाही.

आमचा एक सहकारी या चर्चेत म्हणाला, "आपलीही गोष्ट राजपुत्रापासूनच सुरू होते की." बरोबर अडवलं त्याने. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तो राजपुत्र कसा घडवला ते पाहा. शाक्यांचं गणराज्य होतं. राज्यकर्ती घराणी अनेक होती, ती पाळीपाळीने राज्य करत, आणि सिद्धार्थाच्या जन्मावेळी पाळी शुद्धोदनाची होती, इतकंच. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून अचानक वैराग्य आलं ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांचा सिद्धार्थ विसाव्या वर्षी संघाचा सभासद होतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायचा ठराव येतो, तेव्हा तो विरोध करतो आणि मतदानात हरतो. घराण्यावर सामाजिक बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू, अशी धमकी येते. मग तो स्वतःहून परिव्रज्या पत्करतो. पाण्याचा तंटा, ठराव, मतदान, बहिष्कार. आपल्या कोणत्याही गावातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. राजवाड्यातून बाहेर पडलेल्या तरुणाचं पुनर्लेखन कसं करावं याचा यापेक्षा चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही पुढच्या रविवारी गेलो आणि मुलींना सुचवलं : राजकन्या सोडा, मुक्ताबाई साळवे घ्या. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखावर तिचा निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. किशोरवयीन नायिका याहून मोठी कोणती?

"त्या माहीत आहेत आम्हाला," आठवीतली म्हणाली. "पण ताई, त्या उडत नाहीत." वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग ती थोडी चिडूनच पुढे बोलली. शाळेच्या नाटकात तीन वर्षं ती झाड होती. राजकन्या दर वर्षी दुसऱ्याच मुली. "आता आमची पाळी आली तर तुम्ही म्हणता मुकुटच वाईट."

यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. मुकुटाची टीका करणं सोपं असतं ते ज्यांच्या डोक्यावर तो कधीतरी ठेवला गेला त्यांना. झाड झालेल्या मुलीला तो आधी डोक्यावर ठेवून पाहायचा आहे. तिला आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो, आणि आमच्या आवाजात नाटक बसवणाऱ्या बाईंचा आवाज थोडासा मिसळला होता हे मान्य करायला हवं.

मग वाट मुलींनीच काढली. एकीचा मामा सुरतला हिरे घासतो. तिने विचारलं, "त्या जगात एवढे खडे आहेत, ते घासतं कोण?" मामा दिवसभर चाकावर बसतो आणि निघताना त्याचे खिसे तपासले जातात, हेही तिने सांगितलं. 1983 पासून कितीतरी हातांनी ही राजकन्या लिहिली. आमच्या वाचनात आलेल्या अंकांत हा प्रश्न कुठे विचारलेला दिसला नाही.

त्यांच्या गोष्टीत आता जांभळा खडा रक्त ओळखत नाही, हात ओळखतो. ज्याने घासला त्याच्याच हातात तो उजळतो. राजघराण्याने शेकडो वर्षं तो पेटीत कोंडून ठेवला, म्हणून विझला. नायिकेचं नाव जांभळी. ती घासणाऱ्याची पोर, तिला उडता येतं, आणि मुकुट आहे. मुकुट मात्र पथकात पाळीपाळीने फिरतो. ही कल्पना त्यांना शाक्यांवरून सुचली असं आम्हाला वाटलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, नळावरून.

पहिली पाळी कुणाची यावर दोन रविवार भांडण चाललं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. आठवीतलीचं नाव चौथं निघालं. रडली नाही, पण चिठ्ठ्या पुन्हा मोजून घेतल्या.

कार्डशीट आता विहाराच्या भिंतीवर आहे. समितीतल्या एका काकांनी परवा विचारलं की बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ही मुकुटवाली कशाला? आम्ही त्यांना रविवारी अकराला यायला सांगितलं आहे. उत्तर मुली देतील.