उताणं तिकीट

आमच्या घराण्यात कुणी काही जमवल्याचं ऐकिवात नाही. आजोबांनी कर्ज जमवलं, ते बाबांनी फेडलं, एवढाच काय तो संग्रहाचा इतिहास. अशा घरात मी वयाच्या नवव्या वर्षी पोस्टाची तिकिटं जमवायला लागलो. लोक हिऱ्यांना जपतात तसा मी तिकिटांना जपत होतो असं मात्र समजू नका. मी ती शितांनी चिकटवत होतो. गोंदिया हे तांदळाचं गाव. गोंद आणायचा तर दुकानात पैसे पडतात. शितं घरात फुकट. तिकिटाला बिजागरीसारखा कागद लावून ते वहीत बसवतात, पाण्यात भिजवून सोडवतात, चिमट्यानं उचलतात, हे सगळं मला फार उशिरा कळलं. तोवर झुरळांना कळून चुकलं होतं की ह्या वहीत जेवणाची सोय आहे.

तरीही आज माझ्याकडे अठराशे तिकिटं आहेत. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं, झेंड्याचं, साडेतीन आण्यांचं ‘जय हिंद’ आहे. १९५८ सालचं अण्णासाहेब कर्व्यांचं आहे. ते निघालं तेव्हा अण्णासाहेब स्वतः हयात होते आणि शंभरीत होते. स्वतंत्र भारतात जिवंतपणी तिकिटावर आलेला पहिला माणूस तो. १९४८ सालचं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट मात्र नाही. दहा रुपयांचं तिकीट लागावं इतकं जड पत्र आमच्या घरी कुणी कधी पाठवलंच नाही.

तर गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली, तिनं वह्या उघडल्या, दोनदा शिंकली आणि म्हणाली, “बाबा, हे सगळं स्कॅन करून ठेवा. कसर लागून चाललंय.” जाताना ती तिचा जुना स्कॅनर ठेवून गेली. काचेचा पाट आणि वर झाकण, असं ते यंत्र. आमच्या हिनं पहिल्या दिवशी त्यावर पोळपाट समजून कणकेचा गोळा ठेवला नाही, एवढंच.

मी पहिलं तिकीट काचेवर ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. आतून एक दिवा सरपटत गेला आणि सरपटत परत आला. मग तिकीट उचला, दुसरं ठेवा. एका तिकिटाला दोन मिनिटं. म्हणजे अठराशे तिकिटांना साठ तास. ही दारातून म्हणाली, “काय करून राह्यले तुम्ही? एका पोळीसाठी कोणी चूल पेटवते का? तवाभर घाला ना!”

बायकोचं म्हणणं पटलं की माणसानं ते आपल्याला आधीच सुचलं होतं असं दाखवावं. मी तसं दाखवलं आणि एका वेळी तीस तिकिटं मांडली. पाच उभ्या, सहा आडव्या, मध्ये बोटभर जागा. एकदा सगळा पाट टिपायचा आणि मग संगणकावर एकेक तिकीट कापून वेगळं करायचं. साठ खेपांत काम. यात काही गोष्टी मी ठेचा खाऊन शिकलो. तिकिटांच्या पाठीवर काळा कागद घालावा, म्हणजे कडेचे दाते मोजता येतील इतके स्पष्ट उठतात; पांढऱ्या झाकणाखाली पांढरे दाते विरघळून जातात. झाकण धाडकन लावू नये. त्या वाऱ्यानं तिसाच्या तीस तिकिटं कोपऱ्यात जाऊन गप्पा मारत बसतात. आणि पावसाळ्यात हा उद्योग करू नये. आमच्याकडच्या दमट हवेत न वापरलेल्या तिकिटाचा गोंद पाठीवरच्या काळ्या कागदाला असा मिठी मारतो की सासरी निघालेली मुलगी बरी.

ठिपक्यांचा हिशेब हे एक निराळंच प्रकरण. इंचाला तीनशे ठिपके घेतले तर तिकीट ओळखू येतं, सहाशे घेतले तर त्यावरचा शिक्का वाचता येतो. मला वाटलं, बाराशे घेऊ, आपल्या बापाचं काय जातं? पण सहाशेचं बाराशे केलं की ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. सहाशेला एक पाट साधारण साडेतीन कोटी ठिपक्यांचा होतो. बाराशेला चौदा कोटींचा. संगणकानं ते ओझं पाहून मान टाकली. तेव्हापासून सहाशे.

तिसऱ्या खेपेला माझं नशीब उघडलं. अण्णासाहेब कर्व्यांच्या कपाळावर एक पांढरा ठिपका! छपाईतली चूक! १८५४ सालच्या चार आण्यांच्या तिकिटात काही ठिकाणी राणीचं डोकं उलटं छापलं गेलं आणि त्या उलट्या डोक्याला आज जग सोन्यानं मढवतं, हे प्रत्येक तिकीटवाल्याला पाठ असतं. मी रात्रभर झोपलो नाही. गच्ची बांधायची की काशीयात्रा, यावर हिच्याशी भांडणही झालं. सकाळी पुढचा पाट टिपला. त्यात टिळकांच्या पगडीवर ठिपका. त्याच्या पुढच्यात रेल्वेच्या शताब्दीच्या, १९५३ सालच्या तिकिटावर ठिपका, बरोबर इंजिनाच्या धुरात. शेवटी मी चष्मा बदलून काच पाहिली. तांदळाच्या कोंड्याचा एक कण होता. गोंदियात राहून दुसरं काय सापडणार?

२००६ साली चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं होतं, तेही मी टिपलं. हिनं पडद्याला नाक लावून पाहिलं आणि यंत्राबद्दलचं आपलं मत कायम केलं.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ मी तो लांबवत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

स्कॅनरवर तिकिटं पालथी ठेवायची असतात, तोंड काचेकडे. एकोणिसाव्या पाटात एक तिकीट चुकून उताणं राहिलं. पडद्यावर एकोणतीस तिकिटं आणि त्यांच्यात एक पिवळट चौकोन, दोन कोपऱ्यांना वाळलेली शितं. तिकीटही खरं नव्हे. अंतर्देशीय पत्रावर छापलेलं तिकीट मी कात्रीनं कापून घेतलेलं होतं. जाणते संग्राहक असल्या तुकड्याला कवडीची किंमत देत नाहीत. मी तो पुसून टाकणार, तेवढ्यात चौकोनात निळी शाई दिसली. ताईचं अक्षर.

हे १९६६ च्या डिसेंबरातलं पत्र. तेव्हा गोंदिया जिल्हा व्हायला अजून तेहतीस वर्षं होती, आम्ही भंडाऱ्यात मोडत होतो. ताईचं नुकतंच लग्न होऊन ती जबलपूरला गेली होती. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत छोटी लाइन जबलपूरला जायची. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर आणि दोन स्टेशनांत माणसाच्या सहनशक्तीचं. आता तिथं मोठी लाइन झाली. पोस्टमन पत्र देऊन गेला तेव्हा घरात मी एकटाच मोकळा. पत्र वाचायचं असतं हे त्या वयात माझ्या लक्षात यायचं नाही. माझ्या लेखी पत्र म्हणजे तिकिटाच्या मागं चिकटलेला फालतू कागद. मी ते फोडलं, कात्री घेतली आणि कडेला चांगली बोटभर जागा सोडून तिकीट कापलं.

संध्याकाळी आईनं पत्र वाचायला घेतलं. “मी येत्या”, मग भोक, मग “छोट्या गाडीने निघते. बाबांना स्टेशनावर”, पुन्हा तेच भोक, “थंडी फार आहे.”

मला आधी दोन थोबाडीत बसल्या आणि मग विचारलं गेलं, “तुकडा कुठाय?” तुकडा खिशात होता. दिला असता तर परत मिळाला नसता. मी म्हणालो, “वाऱ्यानं उडाला.”

आईनं भोक स्वतःच भरलं. “बाबांना स्टेशनावर शाल घेऊन पाठवा, थंडी फार आहे. आणखी काय असणार?” वार तर कुणालाच भरता येईना. म्हणून बाबा रविवारपासून रोज, दुखरा गुडघा घेऊन, दीड मैल चालत स्टेशनवर गेले. काखेत शाल. छोट्या गाडीची वेळ अशी नसायचीच. ती आली म्हणजे वेळ झाली. बुधवारी ताई उतरली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही कशाला आलात?” बाबा म्हणाले, “तूच तर लिहिलंस.” गुरुवारी त्यांना ताप भरला, तो आठ दिवस उतरला नाही. ताई शपथेवर सांगत होती की मी असं लिहिलंच नाही. आई म्हणाली, “लिहून विसरलीस.” पुढं कित्येक वर्षं, ताई माहेरी आली की तो विषय निघायचा. बापाला थंडीत चार दिवस उभं केलं म्हणून. मी तिथंच बसलेला असे. वहीतल्या त्या तुकड्याचा मला हळूहळू खरोखरच विसर पडला. पाठीवर काय आहे, हे तर मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला तोंडाशी मतलब.

पडद्यावर तीन ओळी होत्या. पहिली: “बुधवारच्या”. दुसरी: “मुळीच पाठवू नका,”. तिसरीची फक्त शिरोरेघ आणि दोन वेलांट्या. खालचं सगळं माझ्या कात्रीनं नेलेलं. त्या ओळीसाठी मी बाराशेही लावून पाहिले. जे कागदावर नाही ते यंत्र कुठून आणणार?

आई-बाबा दोघंही आता नाहीत. ताई आहे, ऐंशीची, जबलपूरलाच. मी तिच्या नातसुनेच्या फोनवर तो फोटो पाठवला आणि मग फोन केला.

“ताई, बघितलंस?”

“बघितलं.” बराच वेळ काही नाही. मग, “बंड्या, तू तर म्हणाला होतास उडाला.”

“हो.”

“शाल नव्हतं लिहिलं मी.”

“नव्हतंस.”

“आईला दाखवायला पाहिजे होतं रे.” पुन्हा गप्प. मग एकदम नेहमीच्या आवाजात, “ती तिसरी ओळ काय आहे?”

“अर्धी कापली गेली.”

“कापली गेली म्हणे! कापली कुणी?”

“मी.”

“मग तसं म्हण. तो तुकडा मला पोस्टानं पाठव. फोनमधलं काही खरं वाटत नाही मला.”

शितं सोडवायला पाणी लावलं असतं तर शाई फुटली असती, म्हणून सुरीच्या टोकानं दोन दिवस खरवडत बसलो. तुकडा दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, पाकिटात घातला आणि सोबत चार ओळींचं पत्र लिहिलं. चारच ओळी, पण त्यांना सगळी दुपार लागली. पाकिटातल्या पत्राला तशी काही गरज नसते, तरी कागदाचा वरचा उजवा कोपरा मी कोरा सोडला.