जोड्याच्या खोक्यांतील ठेवा

सिराक्यूजहून आम्ही सकाळीं आठाच्या सुमारास निघालों, तेव्हां रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या झाडांनीं जणूं हळदकुंकवाचे सडे घातले होते. २०२३ सालचा ऑक्टोबर महिना तो. मुलगा गाडी चालवीत होता, त्याच्या शेजारीं मी, आणि मागें बारा वर्षांचा नातू. ह्या मुलुखांत आल्यापासून नायगारा पाहून झाला होता, न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतींखालीं मान वर करकरून ती दुखून आली होती, आतां हें कूपर्सटाउन नांवाचें खेडें कशासाठीं, असें मीं विचारतांच नातू म्हणाला, "आजी, तें बेसबॉलचें पंढरपूर आहे!" वाक्य अर्थातच बापानें पढविलेलें होतें, परंतु पंढरपुराचें नांव निघाल्यावर मला पुढें कांहीं बोलतां येईना.

दोन तासांनीं गांव आलें. ऑट्सेगो सरोवराच्या दक्षिण टोकाशीं हें वसलेलें आहे. सरोवराचें पाणी येथूनच ओहोळासारखें बाहेर पडतें आणि पुढें तीच मोठी सस्क्वेहॅना नदी होते. वस्ती पुरती दोन हजारहि नाहीं. एक मुख्य रस्ता, त्यावर विटांच्या जुन्या इमारती, आणि त्यांतच बेसबॉलचें तें प्रसिद्ध संग्रहालय. हें १९३९ सालीं उघडलें. अॅबनर डबलडे नांवाच्या गृहस्थानें १८३९ सालीं ह्याच गांवीं हा खेळ शोधून काढला अशी समजूत होती, म्हणून शतसांवत्सरिक उत्सव येथें झाला. मौज अशी कीं, ती कथा इतिहासकारांस मुळींच मान्य नाहीं. त्या वर्षीं डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेंत शिकत होता. मूळ कथा खोटी ठरली, तरी तिच्यावर उभें राहिलेलें देऊळ मात्र खरें आहे, आणि यात्रेकरूंची श्रद्धाहि खरी आहे.

आंत गेल्यावर मोठमोठ्या खेळाडूंचीं नांवें कोरलेले कांशाचे फलक पाहिले. परंतु मुलाची पावलें वळत होतीं तीं एका वेगळ्याच दालनाकडे. २०१९ सालीं उघडलेलें हें दालन केवळ बेसबॉलच्या कार्डांचें आहे, आणि त्याच्या नांवाचा अर्थ 'जोड्याच्या खोक्यांतील रत्नें' असा होतो. अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब असा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढें खेळाडूचें चित्र, मागें त्याची माहिती. अमेरिकेंतील मुलें तीं कार्डें जोड्यांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवीत, म्हणून हें नांव.

ह्या कार्डांचा जन्म कांहीं फारसा पवित्र नाहीं. प्रथम तीं सिगारेटच्या पाकिटांतून येत. १९०९ ते १९११ ह्या काळांत तंबाखूच्या एका मोठ्या कंपनीनें काढलेल्या मालेंत होनस वॅग्नर नांवाच्या खेळाडूचें कार्ड होतें. तें लवकरच छापावयाचें थांबलें, म्हणून आज तें दुर्मिळ झालें आहे. त्याची एक प्रत २०२२ सालीं साडेबहात्तर लाख डॉलरांस विकली गेली. पुढें तंबाखूची जागा चघळण्याच्या गोंदानें, म्हणजे च्युइंगमनें घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं ४०७ कार्डांची माला काढली. पांच सेंटांची पुडी घ्यावी, गोंद तोंडांत टाकावा आणि कोणाचें चित्र निघालें तें पाहावें, हा मुलांचा क्रम. त्या मालेचा उत्तरार्ध उशिरां बाजारांत आला, तोंवर खेळाचा हंगाम सरत आला होता; माल पडून राहिला. साय बर्जर ह्या गृहस्थांनींच ती माला योजिली होती, आणि १९६० सालीं उरलेलीं खोकीं पडावांत भरून अटलांटिक समुद्रांत बुडवून टाकण्याचें कामहि त्यांनाच करावें लागलें. त्याच उत्तरार्धांतील मिकी मँटलचें एक कार्ड २०२२ सालीं एक कोटी सव्वीस लाख डॉलरांस गेलें!

हें ऐकून मी कपाळास हात लावला. मुलगा हंसून म्हणाला, "आई, समुद्रानें बुडविलीं त्याहून कितीतरी अधिक आयांनीं बुडविलीं."

ही गोष्ट त्या देशांत सर्वतोमुखीं आहे. मुलगा शिकावयास किंवा फौजेंत गेला कीं आईनें खोली आवरावयास घ्यावी, आणि जोड्याचें खोकें केराच्या डब्यांत जावें. उरलेल्या कार्डांपैकीं कित्येक सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून फटफटीसारखा आवाज काढण्यांत फाटलीं. अशा रीतीनें बहुतेक नष्ट झालीं, म्हणून उरलेल्यांस मोल आलें. पुढें ह्या मोलाचा गवगवा झाला, तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत लोकांनीं शहाणपणा करून नवीन कार्डें पेट्याच्या पेट्या सांठविलीं, आणि कारखान्यांनींहि तीं बेसुमार छापलीं. परिणाम असा झाला कीं, त्या काळचीं बहुतेक कार्डें आज कोणी फुकटहि घेत नाहीं. जें सर्वांनीं टाकलें तें महाग झालें आणि जें सर्वांनीं जपलें तें मातीमोल झालें, असा हा बाजाराचा न्याय!

मुलाच्या त्या थट्टेच्या वाक्यानें मात्र माझ्या मनांत कांहींतरी टोंचलें. त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे.

१९८४ सालीं सदाशिव पेठेंतील वाडा सोडून आम्ही कोथरूडास राहावयास आलों. तेव्हां हा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याच्याजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि त्यांत काडेपेट्यांवरचीं चित्रें होतीं: जहाजाचें, घोड्याचें, चित्त्याचें, शिवकाशीच्या कारखान्यांतील नाना देवदेवतांचें. नव्या घरांत जागा थोडी. मनांत म्हटलें, हा कचरा कशास न्यावयाचा? रद्दीवाल्याच्या तराजूंत वर्तमानपत्रांबरोबर तीं चित्रेंहि गेलीं, आणि डबा घासूनपुसून मीं त्यांत मेथ्या भरल्या. संध्याकाळीं मुलानें डबा उघडून पाहिला, आणि पुन्हां झांकण लावून ठेवला. तो एक शब्दहि बोलला नाहीं. तो बोलला नाहीं, म्हणून मी समजलें कीं त्याला कांहीं वाटलें नाहीं.

संग्रहालयांतून बाहेर पडल्यावर मुख्य रस्त्यावरील एका दुकानांत आम्ही शिरलों. तेथें भिंतीवर कांचेंत बसविलेलीं मोठ्या खेळाडूंचीं कार्डें होतीं. त्यांस तज्ज्ञांनीं एकापासून दहापर्यंत गुण दिलेले असतात, आणि एकेका गुणानें किंमत कित्येक पटींनीं चढते. मुलानें तिकडे पाहिलेंहि नाहीं. तो खालीं ठेवलेल्या लांबट खोक्यापाशीं बसला. त्यांत १९६० च्या सुमाराचीं 'साधीं' कार्डें होतीं, म्हणजे ज्यांचें नांव आज कोणी घेत नाहीं अशा खेळाडूंचीं. कोपरे झिजलेले, मध्यें घडी पडलेली. किंमत दोन-तीन डॉलर.

"हीं घेऊन पुढें भाव येईल का रे?" मीं विचारलें.

"नाहीं, आई. भाव यावयाचा असता तर एव्हांना आला असता."

"मग घेतोस कशाला?"

त्यानें एक कार्ड उलटें करून माझ्या हातांत दिलें. मागें बारीक अक्षरांत उंची, वजन, जन्मगांव, आणि कोणत्या वर्षीं किती सामने खेळला त्याचा तक्ता. मुलानें सांगितलें कीं, कांहीं कार्डांच्या पाठीवर हंगामाबाहेर हा खेळाडू काय काम करतो तेंहि लिहिलेलें असे. त्या वेळीं ह्या लोकांचे पगार आजच्यासारखे नव्हते. १९६७ सालींदेखील वरच्या संघांतील खेळाडूचें किमान वेतन वर्षास ६,००० डॉलर होतें, आणि स्वतःचें चित्र छापूं दिल्याबद्दल कंपनी वर्षाला १२५ डॉलर देई. कोणी थंडींत मोटारी विकी, कोणी दुकानावर बसे. "ह्यांतले कित्येक एकदोन वर्षें खेळले आणि घरीं गेले," मुलगा म्हणाला. "पण कोणातरी पोरानें हें कार्ड जपलें. तेंहि त्यांत आहेच."

इतक्यांत नातवानें एक कार्ड उचललें. त्यावर कोण्या मुलानें शिसपेन्सिलीनें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें काढलीं होतीं. दुकानदार म्हणाला, लिहिल्यामुळें ह्याची किंमत गेली. एक डॉलर द्या. मुलानें तेंच सर्वांच्या आधीं घेतलें.

परत येतांना गाडींत मला राहवेना. मीं विचारलें, "तुला तो काडेपेट्यांचा डबा आठवतो का?"

तो थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दोनशें बारा होतीं, आई. त्यांतलीं चाळीस आजोबांनीं आणलेलीं. सांगलीहून येतांना प्रत्येक खेपेस ते एक आणीत, आणि पाठीमागें तारीख व स्टेशनचें नांव लिहून देत."

वाचकहो, मी तीं चित्रें तराजूंत घातलीं तेव्हां एकहि उलटें करून पाहिलें नव्हतें. माझे सासरे १९८२ सालीं वारले. त्यांच्या हातचें पत्र आज आमच्या घरांत एकहि नाहीं. चाळीस होतीं, आणि तीं मीं किलोच्या भावानें विकलीं.

"तेव्हां बोलला कां नाहींस?"

"तूं दिवसभर सामान बांधून थकली होतीस," एवढेंच तो म्हणाला. माझा हात त्याच्या हातावर होता. तो त्यानें तसाच राहूं दिला.

सिराक्यूजच्या जवळ आल्यावर विषय बदलण्यासाठीं म्हणून त्यानें एका माणसाची हकीकत सांगितली. जेफरसन बर्डिक नांवाचे गृहस्थ ह्याच शहरांत राहत. विजेच्या सामानाच्या कारखान्यांत नोकरी. संधिवातानें बोटें वांकडीं झालेलीं. त्यांनीं जन्मभर अशीं छापील चित्रें जमविलीं, त्यांचें वर्गीकरण करून सूचि छापली, आणि सर्व संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देऊन टाकला. तीन लाखांहून अधिक वस्तु. त्यांत तीस हजारांवर नुसतीं बेसबॉलचीं कार्डें. त्या दुखऱ्या बोटांनीं तीं वह्यांत चिकटविण्याचें काम ते वर्षानुवर्षें करीत राहिले. १९६३ च्या जानेवारींत तें पुरें झालें, आणि मार्चमध्यें ते गेले. त्यांच्या वह्यांत लाखमोलाचा वॅग्नर आहे, आणि ज्याला कोणी ओळखत नाहीं असा खेळाडूहि त्याच मानानें आहे.

पुण्यास परत येतांना नातवानें तें पेन्सिलीच्या अक्षरांचें एक डॉलरचें कार्ड माझ्या पिशवींत घातलें. "आजी, हें जपून ठेव," म्हणाला. बापाकडे मीं पाहिलें. तो हंसत होता. कार्डाच्या पाठीवर मीं त्या दिवसाची तारीख आणि गांवाचें नांव लिहिलें. ह्यानें त्याची उरलीसुरली किंमतहि गेली असेल. आतां तें माझ्या पोथीच्या दप्तरांत आहे.

घर आवरणें हा गृहिणीचा धर्मच आहे, आणि सर्वच सांठवीत बसलें तर घराची वखार होईल, हेंहि खरें. परंतु माझ्या भगिनींना एवढेंच सांगावेंसें वाटतें: मुलाचा डबा रद्दींत घालण्यापूर्वीं त्याला एकदां विचारा, आणि त्यांतलें एखादें चित्र उलटून पाहा. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं.