अधांतरी आठवडा

मे महिन्यात एक आठवडा असा यायचा की त्याला कोणी वालीच नसायचा. तीस एप्रिलला निकाल लागायचा आणि आजोळची एसटी असायची आठ-नऊ तारखेची, कारण आईची रजा मंजूर व्हायची ती तेव्हापासून. मधले सात-आठ दिवस शाळा नाही, आजोळ नाही, आणि आईबाबा दोघंही कचेरीत. आई त्याला ‘अधांतरी आठवडा’ म्हणायची. म्हणताना तिच्या कपाळाला आठी पडायची आणि आमच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

बोरिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. पाणी पहाटे साडेचारला यायचं, म्हणून आईही साडेचारलाच उठायची. पाणी, डबे, आमची भाजी-पोळी, आणि मग आठ तीनची गाडी. निघण्याआधी कणकेच्या डब्याखाली ती एक चिठ्ठी ठेवून जायची. कचेरीतून आणलेले पाठकोरे कागद असायचे. एका बाजूला महागाई भत्त्याचं परिपत्रक आणि दुसऱ्या बाजूला आमचं. ‘दूध ११ वाजता, गारच प्या. गॅसला हात नाही. कुरडयांच्या गव्हाचं पाणी बदला, पातेलं उपडं करू नका. भांडण झालं तर काकूंकडे जा, पण एकेकट्याने.’ खाली सही नाही की ‘तुमची लाडकी आई’ नाही. सरकारी नोकरीत तिला कमी शब्दांत लिहायची सवय झाली होती.

अधांतरी आठवडा आजही येतो. फक्त आता शाळा सुटणं आणि समर कॅम्प सुरू होणं यांच्या मधे येतो, आणि कपाळावरच्या आठ्या आता माझ्या आहेत. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते. म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आंब्याचे चोखलेले बाठे. ‘आई कॉलवर आहे’ हे वाक्य माझी धाकटी ‘आई देवपूजेला बसलीय’ या सुरात म्हणते. बोलायचं नाही हे दोघांना ठाऊक आहे, म्हणून आता चिठ्ठ्या ती दोघं लिहितात आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने स्क्रीनच्या कडेला धरतात. ‘चीज कुठाय?’ ‘दादाने मारलं.’ ‘तू किती वाजता संपशील?’ या शेवटच्या चिठ्ठीतली व्याकरणाची चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही. आई आम्हाला दिवसाला एक चिठ्ठी लिहून आठ तास गप्प बसायची. मला तासाला चार येतात आणि मी चारही वेळा मान डोलावते.

गव्हाचं पाणी बदलणं हे आमचं एकमेव काम. गहू तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी घरभर असा आंबूस वास सुटायचा की आलेला पाहुणा खिडकीजवळची जागा धरायचा. रविवारी चीक शिजला की दूध-साखर घालून पहिली वाटी आम्हाला. मग गच्चीवर कुरडया, आणि काठी घेऊन आम्ही कावळे हाकायला. सांगताना तोंडाला पाणी सुटतं खरं, पण आठवड्यातली एकच सुट्टी आई त्या गच्चीवर डोक्याला पंचा बांधून उन्हात काढायची, हे त्या वाटीत दिसत नसे. मी बचत गटाच्या बायकांकडून अर्धा किलो कुरडया घेते आणि रविवारी नऊपर्यंत झोपते. त्या तळताना माझी मुलं ‘नूडल्स फुलले’ असं ओरडतात. चिकाची वाटी गेली, आणि खरं सांगायचं तर त्या झोपेच्या बदल्यात मी ती दहा वेळा देईन.

आमच्या पिढीला एक गोष्ट सांगायला फार आवडतं. आम्हाला कोणी सांभाळलं नाही, गळ्यात चावी अडकवून आम्ही दिवसभर एकटे राहिलो, तरी वाढलो. ही शुद्ध थाप आहे. आम्हाला शेजारच्या काकूंनी सांभाळलं, तेही फुकट. फोन त्यांच्याकडेच होता, आणि सव्वा वाजता जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला की आम्ही त्यांच्याच घरात उभे राहून ‘दूध प्यायलो’ अशी थाप मारायचो. काकू मागून हसायच्या, पण सांगायच्या नाहीत. एका दुपारी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना धाकट्या भावाची हनुवटी फुटली. काकूंनी त्याला पदर दाबून दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. आईच्या कचेरीतला फोन दुपारभर लागला नाही. तिला कळलं ते सव्वासातला, दारात, त्याच्या हनुवटीवरची पट्टी बघून. ती रागावली नाही, रडली नाही, फक्त एक पायताण पायातच ठेवून तशीच आत आली. एरवी उंबऱ्याच्या आत चप्पल आणली की आमचा कान धरणारी बाई.

माझ्या हॉलमध्ये कॅमेरा आहे. ऑफिसचा दिवस असला की मधून मधून मी फोनवर घर बघते. मागच्या वर्षी धाकटी सोफ्यावरून पडली ते मी चालू मीटिंगमध्ये पाहिलं. पडलेली पाहिली, उठलेलीही पाहिली. आईला काहीच कळत नव्हतं आणि काही करता येत नव्हतं. मला सगळं कळलं आणि काही करता आलं नाही. यातलं बरं कुठलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

तसं पाहिलं तर पुष्कळ सुधारलंय. थोरल्याच्या वेळी मला बारा आठवड्यांची रजा मिळाली. २०१७ साली कायदा बदलला आणि धाकटीच्या वेळी सव्वीस. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच कायद्यात आलं. पण पाळणाघरात अकरा वर्षांचं घोडं कोण घेणार? मे महिना कुठल्याच कायद्यात बसत नाही.

हरवलंय ते वेगळंच. संध्याकाळी जिन्यात चपलांचा आवाज आला की आम्ही ‘आई आली!’ करत दाराकडे धावायचो. आई आत येऊन लोखंडी खुर्चीत बसायची. मी माठातलं पाणी आणायचे, भाऊ गुळाचा खडा. मग दहा मिनिटं तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा घरातला अलिखित नियम. त्या दहा मिनिटांत तिची पर्स आमची. डबा, पास, केसांच्या पिना, गाडीत निवडलेली गवार, आणि नशीब असलं तर स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून घेतलेला करवंदांचा द्रोण. पहिलं करवंद चावण्याआधी आई डोळे मिटल्या मिटल्याच विचारायची, ‘कोंबडा की कोंबडी?’ आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने तांब्या विसळून ठेवायचा.

१९९२च्या मेमध्ये, पाच तारखेला, पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अख्खी गाडी फक्त बायकांसाठी सोडली. नेमकी आमच्या अधांतरी आठवड्यात. दोन दिवसांनी आई त्या गाडीने आली. ‘आज बसायला मिळालं,’ असं तिने चपला काढता काढता सांगितलं आणि खुर्चीकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. आम्ही पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन तसेच उभे. मला त्या गाडीचा राग आला होता, हे आज लिहायलाही लाज वाटते. सुमारे ३४ किलोमीटर ती रोज उभ्याने यायची, म्हणून आम्हाला ती दहा मिनिटं बसलेली मिळायची.

आता आईचं येणंच उरलं नाही. घरून कामाच्या दिवशी मी टेबलावरून उठून ओट्याशी जाते, हे काही येणं नव्हे. मुलांना कळतच नाही की मी केव्हा आले आणि केव्हा गेले. कित्येकदा मलाही कळत नाही. लॅपटॉप मिटल्यावरही फोन वाजतच असतो, आणि ‘आता माझ्याशी दहा मिनिटं बोलू नका’ असं म्हणायला आधी कुठूनतरी यावं लागतं.

यंदाच्या अधांतरी आठवड्यात आईच आमच्याकडे राहायला आलीय. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे. तेव्हाही तो आठवडा तिनेच निभावला आणि आताही तीच निभावतेय. फरक एवढाच की आता तिला हजेरीपटावर सही करावी लागत नाही. लेडीज स्पेशल, निवडलेल्या भाज्या, गाडीतली हळदीकुंकवं यावर मी काहीतरी हळवं लिहितेय म्हटल्यावर तिने चष्मा वर केला. ‘लिही बाई. मला अजून गाडीचा भोंगा ऐकू आला तरी पोटऱ्या दुखतात. आणि निवडलेली गवार पिशवीतून विकत मिळायची तेव्हाही. महाग होती म्हणून मी घ्यायचे नाही, एवढंच.’

काल ऑफिसचा दिवस होता. स्टेशनबाहेर करवंदं दिसली, घेतली. मुद्दाम घेतली, हे कबूल. घरी पोचायला आठ वाजले. बेल वाजवली, दार आईनेच उघडलं. मुलं आत, कानात इअरफोन. मी खुर्चीत बसले आणि पर्स शेजारी ठेवली. कोणी उघडली नाही. शेवटी आईनेच द्रोण बाहेर काढला. थोरला येऊन उभा राहिला, ‘धुतलीयत का?’ म्हणाला.

आईने एक करवंद निवडून पदराला पुसलं, दोन बोटांत त्याच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, ‘कोंबडा की कोंबडी?’

त्याने एका कानातला इअरफोन काढला. ‘काय?’

‘सांग तर. हरलास तर तांब्या तुझा.’

आमच्या घरात तांब्या नाही, हे त्याला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी डोळे मिटून घेतले.